कारण सापडण्याआधी

आमच्या ह्यांना दारं ढकलून बघायची खोड आहे. कुणाच्या घरी गेलं की बाकीचे माणसांची चौकशी करतात, हे दारांची करतात. उघडतात, लावतात, चौकटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवतात. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हाही मधल्या खोलीचं दार दोनदा लावून पाहिलं होतं. नंतर माझ्या वडिलांनी आईला हळूच विचारलं, मुलगा इंजिनीअर आहे असं सांगितलं होतं ना, की सुतार?

इंजिनीअरच आहेत, पण इमारतीच्या हाडांचे. इमारत दिसावी कशी ते दुसरा कुणी ठरवतो, ती उभी कशी राहील ते ह्यांच्याकडे. ह्यांचं म्हणणं असं की भिंत वर्षानुवर्षं गप्प बसते, रंग लावला की तिचं सगळं झाकतं. पण वरची तुळई जरा जरी वाकली तरी खालचं दार चौकटीत अडकायला लागतं. म्हणून वर्षातून एकदा हे आपल्या जुन्या इमारतींना भेटी देतात. कुणाला सांगून नाही, चार माणसांसारखं आत शिरायचं, दोनचार दारं ढकलायची आणि बाहेर पडायचं. मीही बरोबर जाते, नाहीतर एखाद्या दिवशी पहारेकरी चोर म्हणून धरायचा.

यंदाची फेरी शेवटची होती. महिनाअखेर कचेरी बंद करायची असं आम्ही ठरवलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि नकाशे वाचायला भिंग लागत होतं. कचेरी म्हणजे आमच्याच घराचा तळमजला. नकाशे ह्यांचे, बाकी सगळं माझं: फोन, बिलं, कर, विमा आणि ह्यांचा हरवलेला चष्मा. पसारा आवरायला घेतला होता आणि खरं सांगते, मला हलकं वाटत होतं.

त्या दिवशी आम्ही सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. खाली मोठी वाचनाची खोली, वर तिन्ही बाजूंनी गॅलरी, गॅलरीत टेबलं. गॅलरीच्या खालच्या कोपऱ्यात सामानाची एक खोली आहे. दर वेळी तिला कुलूप असायचं, यंदा उघडी होती. ह्यांनी तिचं दार ढकललं. दार लोण्यासारखं फिरलं. मी म्हटलं, झालं, चला. पण ह्यांचं बोट वरच्या कडेवर थांबलं होतं. सगळ्या दाराला हिरवा रंग आणि तेवढी कड कोरी, ताज्या लाकडाची.

शिपाई तिथेच होता. ह्यांनी विचारल्यावर तो कौतुकानं म्हणाला की दार सारखं अडकतं, म्हणून सुतार येऊन रंधा मारून जातो. यंदाही येऊन गेला. आता बघा कसं छान लागतंय.

ह्यांनी त्याचे आभार मानले आणि तडक घरची वाट धरली.

मग सुरू झालं ते तळमजल्यावर. बांधून ठेवलेले गठ्ठे सुटले, ग्रंथालयाचे नकाशे टेबलभर पसरले आणि हे जुने हिशेब पुन्हा पहिल्यापासून करायला बसले. जेवायला हाक मारली की "हो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. दोन दिवस मी सोसलं. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. काय चुकलंय, म्हणून विचारलं. म्हणाले, काहीच चुकलेलं नाही, हिशेब अगदी बरोबर आहे. मग दार का घासावं लागतं, असं विचारलं तर म्हणाले, तेच तर कळत नाही.

ग्रंथालयाला कळवून टाका, असं मी म्हटलं. त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना अर्धवट कपड्यांत रस्त्यावर जायला सांगत होते. कारण सापडल्याशिवाय बोलायचं नाही, हा ह्यांचा जन्माचा नेम. तोंडातून वाक्य निघायचं तर खाली आकडा हवा. वाकलंय पण का ते माहीत नाही, असं सांगणारा इंजिनीअर ह्यांच्या लेखी इंजिनीअरच नव्हे.

मी वर आले. काळजी वाटत होती, नाही असं नाही, पण मनाला एक आधार होता. ग्रंथालय बांधलं त्या वर्षीचा विम्याचा हप्ता मी स्वतः भरला होता. चुकीच्या कामाबद्दल कुणी दावा लावलाच तर भरपाईचं बघायला विमा कंपनी आहे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. कामही त्या वर्षीचं, पैसेही त्या वर्षीचे. मग डोक्याला ताप कशाला?

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. विम्याच्या कामात त्यांचे केस पांढरे झाले, पण हे अजून त्यांना चिमीच म्हणतात. आमच्या पॉलिसीचं त्याच बघतात. नातेवाइकांत त्यांची थट्टा अशी की चिमी घरात शिरली की निरोगी माणसालाही आपण मरणार आहोत असं वाटायला लागतं. पॉलिसी महिनाअखेर संपत होती आणि पुढे नको असल्याच्या कागदावर सही न्यायला त्या आल्या होत्या. गेले काही महिने त्या मला एक गोष्ट गळी उतरवू पाहत होत्या: कचेरी बंद झाल्यावरही मागाहून येणाऱ्या तक्रारींसाठी काही वर्षांची जादा मुदत विकत घेता येते, ती घ्या. आणि मी दर वेळी म्हणत होते, दुकानच बंद झाल्यावर पहारेकरी कशाला?

चहा घेता घेता मी त्यांना दाराची हकिगत सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली, की तुमचे दादा बघा कसे एका दारापायी जेवण सोडून बसलेत. वन्संनी कप खाली ठेवला.

"वहिनी, दादाला हे कळून किती दिवस झाले?"

मी म्हटलं, त्याचं काय एवढं, काही झालंच तर त्या वर्षीचा हप्ता भरलेला आहे. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. माणूस चुकीच्या गाडीत बसलेला दिसला की आपण बघतो तशा.

"आगीचा विमा विचारतो, आग कधी लागली," त्या म्हणाल्या. "हा विमा तसं विचारत नाही. हा विचारतो, तक्रार दारात कधी आली? ज्या दिवशी तक्रार येईल आणि तुम्ही ती कळवाल, त्या दिवशी पॉलिसी जिवंत पाहिजे. काम झालं त्या वर्षीची पॉलिसी त्या वर्षाबरोबर संपली."

"मग इतकी वर्षं भरलेले हप्ते?"

"त्या त्या वर्षी आलेल्या तक्रारींसाठी होते. तक्रार एकही आली नाही, हे आपलं भाग्य."

मी त्या कंपनीला, तिच्या साहेबांना आणि ज्यानं हा विमा पहिल्यांदा शोधून काढला त्याला जे काही म्हणाले ते इथे लिहीत नाही. वन्सं शांतपणे ऐकत होत्या. या धंद्यात त्यांना शिव्यांची सवय आहे. मग त्यांनी मला आठवण करून दिली की मध्यंतरी स्वस्त पडतं म्हणून मी कंपनी बदलली होती, तेव्हा त्या अडून बसल्या होत्या. नव्या पॉलिसीतही जुनीच मागची तारीख घालून घ्या म्हणून. त्या तारखेच्या आधी केलेलं काम हा विमा ओळखतच नाही. जुनी तारीख कायम राहिली म्हणून ग्रंथालय आज विम्याच्या उंबरठ्याच्या आत होतं. तेव्हा मी त्यांना किरकिऱ्या म्हटलं होतं, तेही त्यांना आठवत होतं.

म्हटलं, बरं बाई, हरले. तुमची ती जादा मुदत आणा, आत्ता सही करते.

"ती घ्याच. दादानं आणखी इतक्या इमारती बांधल्यात, त्यांच्यासाठी लागेल. पण ग्रंथालयाचं तिच्यावर सोडू नका. दादाला आज माहीत आहे. माहीत असून मुदतीत कळवलं नाही आणि तक्रार पुढच्या वर्षी आली, तर कंपनी पहिलं त्यावरच बोट ठेवेल. आणि ठेवलं तर मी तिला चूक म्हणू शकणार नाही."

तेव्हा कुठे मला खरा धोका दिसला. कचेरी ह्यांच्या एकट्याच्या नावावर, घर ह्यांच्या नावावर. मध्ये कुठली संस्था नाही, भागीदार नाही. दावा आला आणि विम्यानं हात वर केले, तर तो सरळ या घरावर येणार होता. म्हातारपणी डोक्यावरचं छप्पर जाणार ते दुसऱ्याच्या छपरापायी.

"मग करायचं काय? तक्रार तर कुणी केलेलीच नाही."

"तक्रार यायच्या आधी शंका कळवता येते. काय दिसलं, कुठे दिसलं, त्यातून कुणाचं काय बिघडू शकतं, एवढं लिहून द्यायचं. पॉलिसी जिवंत असेपर्यंत. मग तक्रार काही वर्षांनी आली तरी ती याच मुदतीत आली असं धरतात."

आम्ही दोघी खाली गेलो. हे आकड्यांत बुडाले होते. वन्संनी सगळं पुन्हा सांगितलं, ह्यांनी ते ऐकूनही घेतलं आणि मग एवढंच म्हणाले की कारण सापडलं की लगेच कळवतो. महिना संपत आलाय असं वन्संनी सांगितलं, तर हे म्हणाले, मग आणखी भरभर शोधतो.

वन्सं चिडल्या. मीही चिडले. मग ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यभर एक तक्रार नाही, म्हणाले, आणि शेवटच्या आठवड्यात मीच माझ्याविरुद्ध कागद लिहून देऊ? तोही काय चुकलं ते माहीत नसताना? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला स्वतःचा हिशेबही कळेनासा झाला.

मला भांडायला तोंड आहे, समजवायला नाही, असं हे नेहमी म्हणतात. पण त्या दिवशी ह्यांच्याकडे बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"अहो, डॉक्टरकडे जाताना रोगाचं नाव घेऊन जातो का आपण? दुखतंय कुठे, तेवढंच सांगतो ना?"

ह्यांनी आकड्यांचे कागद बाजूला सारले. मग कोरा कागद पुढे ओढला.

तरी सवय सुटते थोडीच. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात माती, हवा, सिमेंट, सगळ्यांवर संशय. वन्संनी 'कदाचित' असलेली सगळी वाक्यं काढून टाकली. उरलं ते अर्धं पान: सामानखोलीचं दार अडकतं, वारंवार घासावं लागतं, वरची तुळई खाली येत असावी असं दिसतं, गॅलरीवर आणि खाली लोक बसतात. ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे तर शिपाईसुद्धा लिहू शकला असता. वन्सं म्हणाल्या, शाबास, आता सही कर.

कागद गेला. पण हे पायांत चपला घालायला लागले. आता ग्रंथालयात जाऊन सांगतो, चूक माझी आहे म्हणून. वन्संनी अक्षरशः दारात आडवा हात घातला. कंपनीनं तपास करण्याआधी चूक कबूल करायची नाही, अशी पॉलिसीत अट असते. हे भडकले. म्हणजे लोकांना तिथे बसू देऊ आणि मी खोटं बोलू?

"लोकांना उठव ना. आत्ता जाऊन उठव, त्याला कोण नको म्हणतंय? पण चूक कुणाची, हे तुला तरी माहीत आहे का दादा? कारण सापडल्याशिवाय बोलायचं नाही, हा नेम तुझाच ना?"

हे पहिल्यांदा हसले. मग आम्ही दोघं निघालो.

ग्रंथपालबाई चाळिशीच्या, कामात बुडालेल्या. त्यांनी ह्यांना ओळखलंही नाही. ह्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाले, गॅलरी आणि गॅलरीखालची टेबलं रिकामी करायला हवीत, उद्यापासून नाही, आत्ता. बाईंनी कारण विचारलं. दार घासावं लागतं, हे म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, या गृहस्थांना घरी कोण सांभाळतं अशा नजरेनं.

"पडेल का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी ह्यांच्या तोंडून कामाच्या बाबतीत कधी ऐकले नव्हते. हे मान खाली घालून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग घंटा वाजवली. लोक कुरकुरत उठले, एकानं तर तक्रारवही मागितली. बाईंनी ती दिली आणि गॅलरीच्या जिन्याला दोरी बांधली.

पुढचे दिवस वाईट गेले, ते कशाला लपवू? दोरी बांधलेली, वाचणारे उभे आणि घडत काहीच नव्हतं. ग्रंथालयाच्या मंडळातला एक जण म्हणे सगळीकडे सांगत होता की इंजिनीअर भ्रमिष्ट झालाय. आमची पॉलिसी संपली, कचेरीची पाटी उतरली, जादा मुदतीचे पैसे मी भरले. हे खिडकीशी बसून राहायचे. मला रात्रंदिवस घराची काळजी आणि ह्यांना कशाची ते हे सांगायचे नाहीत.

मग एका सकाळी ग्रंथपालबाईंनी ग्रंथालयाचं कुलूप उघडलं आणि थोड्याच वेळात गॅलरीच्या पोटाचा काँक्रीटचा मोठा पोपडा सुटून खाली पडला. गंजलेल्या सळ्या बाहेर आल्या होत्या. खालच्या टेबलाचे दोन तुकडे झाले होते. टेबलाशी कुणी नव्हतं, कारण कुणाला बसू दिलं नव्हतं.

तपास झाला. कारण विमा कंपनीच्या इंजिनीअरला सापडलं, आणि ते ह्यांच्या हिशेबात नव्हतंच. बांधताना ओल्या गॅलरीखाली टेकू देतात ना, ते ठेकेदारानं घाईत लवकर काढले होते. तेव्हा बारीक भेगा पडल्या, त्यांत ओल शिरली आणि वर्षानुवर्षं सळ्या गंजत राहिल्या. ठेकेदाराची घाई खरीच. पण टेकू कधी काढायचे, ती सूचना ह्यांनी नकाशावर लिहिली नव्हती. इतकं कुणालाही कळतं, असं समजून. ह्यांनी तो अहवाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मी वाट बघत होते की आता हे कोसळतील. पण हे म्हणाले, चला, कळलं एकदाचं. आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

ग्रंथालयाचा दावा आला तेव्हा आमची पॉलिसी संपून बरेच महिने झाले होते. वकिलाची भाषा अशी की मला ती दोनदा वाचावी लागली. ठेकेदाराच्या वाट्याचं त्याच्याकडे मागितलं होतं, ह्यांच्या वाट्याचं ह्यांच्याकडे. मी वन्संना फोन लावला. त्यांनी कंपनीशी बोलून संध्याकाळी उलट फोन केला.

"धरली, वहिनी. शंका कळवली त्या दिवसाचीच धरली."

मी फोन हातात घेऊन तशीच खाली बसले आणि रडले. वन्सं तिकडे रडल्या की नाही माहीत नाही, विमेवाल्या कबूल करत नाहीत.

भरपाई झाली, कंपनीची तोंड उघडायला परवानगी मिळाली, त्या दिवशी हे मला घेऊन ग्रंथालयात गेले. गॅलरी नव्यानं उभी होती, खाली माणसं वाचत होती. हे थेट ग्रंथपालबाईंसमोर जाऊन म्हणाले, "माझी एक सूचना लिहायची राहिली होती. चूक माझी." तोंडावर इतके महिने बांधलेली पट्टी सोडावी तसं म्हणाले.

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "दावा मंडळाला लावावाच लागला," त्या म्हणाल्या. "पण या माझ्याबरोबर, तुम्हाला एक दाखवायचंय."

त्या आम्हाला गॅलरीखाली घेऊन गेल्या. जिथे पोपडा पडला होता तिथे नवीन टेबल होतं आणि टेबलाशी एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्राला नाक लावून वाचत बसले होते. "माझे वडील," बाई हळूच म्हणाल्या. "सकाळी माझ्याबरोबर येतात, कुलूप मी उघडते आणि इथे पहिले हेच येऊन बसतात. रोज. याच खुर्चीवर."

ह्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतके दिवस मला वाटत होतं की आम्ही आमचं घर वाचवलं. हे त्या खुर्चीकडे बघत होते, मग वर नव्या स्लॅबकडे, मग पुन्हा त्या म्हाताऱ्यांच्या पातळ पांढऱ्या केसांकडे.  मी ह्यांचा हात धरला.

म्हाताऱ्यांनी वर न बघता पान उलटलं.

"कोण आहे ते? जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

"हो, हो," असं म्हणत हे घाईघाईनं बाजूला झाले.